वखारीतलं गवत

गाजर गवत ओळखायला वनस्पतीशास्त्राची पदवी लागत नाही. ठाण्यात, कोपरीला आमच्या इमारतीच्या मागे, मोडक्या भिंतीला लागून ते कमरेएवढं वाढायचं. लहानपणी चेंडू आणायला त्यात शिरलं की संध्याकाळी हातापायांवर पुरळ. आई खोबरेल तेल चोळता चोळता शिव्या द्यायची, मला कमी आणि गवताला जास्त. म्हणून मुरबाडच्या पुढे, डोंगरावरच्या पठारावर, आम्ही वर्षभर जपलेल्या जागेत ती बारीक पांढरी फुलं दिसली तेव्हा मला पुस्तक उघडायची गरज पडली नाही. मी ते लगेच ओळखलं. ते कुठून आलं हेही मला त्याच क्षणी कळलं. पुढे जे झालं ते मला कळलं नव्हतं म्हणून झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला माझी दया यायला नको.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. वडील माजिवड्याला एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर वॉचमन, आई वर्तकनगरमध्ये चार घरी पोळ्या करते. बीएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी आईने त्या चारही घरांत पेढे नेले. एका बाईंनी विचारलं, "बॉटनी घेऊन काय करणार?" आई बोलली, "झाडांची डॉक्टर होईल." मी तिला कितीदा समजावलं की तसं काही नसतं. पण ती आजही तेच सांगते.

झाडांची डॉक्टर झाले नाही, पण एका छोट्या संस्थेत हंगामी काम मिळालं. पाऊस ओसरला की सुरू, पुढचा पाऊस लागेपर्यंत. काम असं की, डोंगरावर ट्रेकला येणारी माणसं जिथे तंबू ठोकतात ती जागा पुन्हा जिवंत करायची. तंबू पडून पडून गवत मरतं, जमीन सिमेंटसारखी कडक होते, मधोमध चुलीचे काळे दगड. वरून बघितलं तर हिरव्या पठाराला टक्कल पडल्यासारखं दिसतं. आम्ही आधी चुली मोडायचो आणि राख गोणीत भरून खाली न्यायचो. मग पहारीने जमीन वीतभर सैल करायची. मग दगड पेरायचे. पेरायचे म्हणजे अर्धे जमिनीत गाडायचे, अर्धे वर ठेवायचे, म्हणजे तिथे परत कोणी तंबू पसरू शकत नाही आणि पावसाचं पाणीही माती घेऊन पळत नाही. शेवटी वर बियांसकट कापलेलं गवत अंथरायचं. तंबूंसाठी बाजूचा उघडा कातळ ठरवून दिलेला. हौशी लोक कातळावर झोपायला कुरकुर करायचे. मी त्यांना सरळ सांगायचे, "घरी गादी होती ना? मग आलात कशाला?"

संस्था चालवणारे सर डोंबिवलीचे, निवृत्त इंजिनिअर, मनाने चांगले. ते महिन्यातून दोनदा वर यायचे. रोजच्या कामाला मी आणि मावशी.

मावशी वरच्या पाड्यावरची. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक. घरी ती, म्हातारी सासू आणि तीन म्हशी. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन शहापूरकडे. मी तिच्याच पडवीत राहायचे. शनिवार-रविवार ट्रेकवाल्यांची गर्दी असायची म्हणून माझी सुट्टी मंगळवार-बुधवार. बाकी पाच दिवस तिच्या हातची भाकरी आणि तिच्या म्हशीच्या दुधाचा चहा. पहिल्या दिवशी तिने माझ्या हातात पहार दिली, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "पोरी, तू जमिनीला मारतेस. तिला उकर. मार खाऊनच तर ती अशी झालीया."

ही बाई मला शिकवतेय, हे मला तेव्हा थोडं टोचलेलं. खोटं कशाला बोलू.

त्या पाड्याचा एक नेम आहे. पठारावरच्या गवताला दिवाळी होईपर्यंत कोयता लावायचा नाही. गवत पिकतं, आपसूक बी गाळतं, मग गावदेवीच्या पुढे पहिली पेंढी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी घरं एकदम कापणीला वर चढतात. तोवर गुरंसुद्धा पठाराच्या मागच्या अंगाला चरतात. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडतही कोणी नाही.

पहिल्या वर्षी आमची, कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्याजवळची सगळ्यात मोठी जागा दिवाळीच्या बऱ्याच आधी उकरून, दगड पेरून तयार झाली. सरांचा फोन आला. दिवाळीच्या आधी पाहुणे येणार, संस्थेला पुढे मदत करतील की नाही ते त्यांच्यावर आहे, जागा झाकलेली दिसली पाहिजे. मी मावशीला म्हटलं, थोडंसंच कापूया, एका कोपऱ्यातलं.

"नाय."

"मावशी, चार भारे फक्त. देवीला काय कळतंय?"

"देवीला कळो नाय तर न कळो. गवताला कळतं. अजून दूध हाय त्याच्या दाण्यात. आता कापशील तर पसरून काय उगवणार, तुझं डोंबल? पंधरा दिवस थांब."

"पंधरा दिवस थांबायला पाहुणे थांबणारेत का?"

"मग पाव्हण्यांना सांग, दिवाळी करून या. फराळ बी मिळंल."

ती हसली. मला हसू आलं नाही. मला कल्पना सुचली होती.

माझा सख्खा मामा कल्याणला, मुरबाड रोडवरच्या गवताच्या वखारीत प्रेसवर काम करतो. डोंगरातून उतरलेलं गवत तिथे दाबून गाठी बांधतात आणि तबेल्यांना पुरवतात. मी विचार केला, शेवटी हे आपल्याच डोंगरांचं गवत. खाली गेलं होतं, तेच परत वर आणायचं. मामाला फोन केला तर तो खूश. "भाचीचं काम म्हणजे आमचं काम! किती गाठी पाठवू, बोल!" मागच्या वर्षीच्या, पाऊस खाल्लेल्या दहा गाठी टेम्पोने पायथ्याला आल्या. मी आणि मावशीने त्या सोडून, भारे करून, डोक्यावरून वर नेल्या. अर्ध्या वाटेवर तिने भारा टेकवला, एक मूठ ओढून काढली, नाकाला लावली.

"ह्याला वास हाय."

"जुनं आहे ना, म्हणून."

"जुन्याचा वास मला म्हाईत हाय. ह्यो दुसराच हाय. इथं नको पसरू पोरी, खाली बांधावर टाक."

मी म्हटलं, "मावशी, मी तीन वर्षं हेच शिकलेय." पुढेही बोलले. मल्चिंग की काय, दोन-चार इंग्रजी शब्द टाकले. तिने भारा उचलला आणि माझ्यापुढे चढायला लागली. त्या जुन्या गवतात उगवण्यासारखं बी उरलंय का, हे मूठभर भिजवून बघायला चार-पाच दिवस लागले असते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. मी केलं नाही.

पाहुणे आले, खूश होऊन गेले. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही आमच्या ठाण्याची मुलगी, पहिल्या पिढीतली पदवीधर, कल्पना हिची. तो फोटो आईने मोबाइलवर मागवून घेतला.

पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर वर चढलो तेव्हा ती जागा हिरवीगार होती. लांबून बघून मी आनंदाने ओरडलेसुद्धा. जवळ गेले आणि गवताच्या मधे मधे, पेरलेल्या दगडांच्या आडोशाला, गाजरासारखी पानं आणि पांढरे ठिपके दिसले. एक-दोन नाही, झुबकेच्या झुबके. बाकी अख्ख्या पठारावर कुठेच नाही. फक्त आम्ही गवत अंथरलं होतं तेवढ्याच चौकोनात.

मावशीने एक रोप उपटलं, बोटात चुरडलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. तोच वास. "हे कल्याणचं हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, की ओरडली नाही.

"असं लगेच म्हणता येत नाही, मावशी. वाऱ्यानेपण येतं."

तिने माझ्याकडे बघितलं, रोप खाली टाकलं, हात लुगड्याला पुसले.

आम्ही उपटायला सुरुवात केली, पण फुलं आधीच पिकली होती. प्रत्येक झटक्याला बी सांडत होतं. चौथ्या दिवशी खालच्या गावातला एकजण, जो ट्रेकवाल्यांना तंबू भाड्याने देतो, वर आला आणि फोटो काढून समितीच्या ग्रुपवर टाकला. ही समिती म्हणजे खालच्या गावातले पाच लोक आणि आमची संस्था. पठाराची देखरेख तीच करते. वरच्या पाड्यातलं त्यात कोणी नाही. का नाही, असं मी कधी विचारलं नव्हतं.

बैठक खालच्या गावच्या समाजमंदिरात झाली. सर डोंबिवलीहून आले. मावशीला निरोप गेला होता, ती दाराजवळ बसली. मी सरांच्या शेजारी, सतरंजीवर.

तंबूवाल्यानेच सुरुवात केली. "साधी गोष्ट हाय. गुरं कुठं कुठं तोंड घालून येतात. ह्यांच्या म्हशी पठारावर फिरतात. खुराला चिकटून, शेणातनं, येणार नाय तर काय?"

"माझ्या म्हशी ह्याला तोंड लावत नाय," मावशी म्हणाली. "आन् त्या बाजारात जात नाय. बाजारात मी जाते."

"मग तुमच्या पायाला चिकटून आलं असंल!"

सगळे हसले. सर पण थोडे हसले, मग सावरून म्हणाले, "मावशी, कोणी तुमच्यावर आरोप करत नाहीये."

"मग काय करताय?"

  मग मावशीने माझ्याकडे मान वळवली. वर्षभर ती मला पोरी म्हणायची, तू म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "ताईंना इचारा. त्या शिकलेल्या हायत. कुठनं आलं ते त्या सांगतील."

तिने गाठींचं नाव काढलं नाही. काढू शकली असती. तिने डोक्यावरून वाहिल्या होत्या. तिने ते माझ्यावर सोडलं. तेव्हा मला वाटलं तिने मला अडकवलं. आता वाटतं, तिने मला वाट करून दिली होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घरात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे. वडिलांना कॉम्प्लेक्सचा सेक्रेटरी अरे-तुरे करायचा, तर बारावीत असताना मी जाऊन त्याला सुनावून आले होते. मला बोलता येतं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "नक्की असं सांगता येत नाही. बी बऱ्याच मार्गांनी येऊ शकतं. वारा, पाणी, जनावरं, माणसं."

एकही शब्द खोटा नव्हता. परीक्षेत याला पूर्ण मार्क मिळाले असते.

"जनावरं. बोलल्या ना ताई," तंबूवाला म्हणाला.

ठरलं ते असं. पुढच्या पावसापर्यंत पठारावर, मागच्या अंगालासुद्धा, एकही जनावर चढवायचं नाही. हद्द कुठली, तर टाक्याच्या अलीकडे पेरलेल्या दगडांची रांग. ती रांग मी आणि मावशीने मिळून घातली होती. पाड्यावर गुरं असणारी घरं तीन. बाकी दोघांची गुरं थोडी, खाली नातेवाइकांकडे पाठवता येण्यासारखी. मावशीला तशी सोय नव्हती. तिला उरली ती पलीकडची उतरण, जिथे दगड सुटे आणि गवत राठ. आणि तिच्या तीन म्हशींतली एक गाभण होती.

मावशी उठताना म्हणाली, "गाभण म्हैस त्या उतरणीला कशी न्यायची, तेवढं सांगा." ती कोणालाच उद्देशून बोलली नव्हती.

त्या रात्री मी झोपले ती तिच्याच पडवीत. दुसरं कुठे जाणार? सकाळी तिने चहा दिला. "घ्या, ताई." तिथून पुढे मी ताईच राहिले. ती पहाटे उठून दोन म्हशी उतरणीला घेऊन जायची, तिसरीला दाव्याला बांधून वैरण घालायची, आणि नऊ वाजता कामावर माझ्यासोबत हजर. हाताला फडकं गुंडाळून गाजर गवत उपटायची. तेच गाजर गवत, ज्याच्यापायी तिची गुरं बंद झाली होती. तिच्या पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे असायचे. माझ्याशी कामापुरतं बोलायची. सासू आतून विचारायची, "दूध कमी का झालं गं?" तर ही म्हणायची, "म्हशींना इचारा."

पहिल्या मंगळवारी मी थेट घरी न जाता कल्याणला वखारीत उतरले. मामाने लांबूनच हाक मारली, "आली बघा आमची मॅडम! हिनेच आपलं गवत डोंगरावर नेलं!" प्रेसवरचे दोघेतिघे माझ्याकडे बघून हसले. मी आवारात बघत उभी राहिले. कुंपणाच्या कडेने, पत्र्याच्या शेडमागे, गाठींच्या थप्प्यांच्या मधल्या बोळांत सगळीकडे पांढरी फुलं.

"मामा, हे इथे कधीपासून आहे?"

"काय? गाजर गवत? ते पहिल्यापासून हाय. त्याचा फायदा पण हाय. वाळलं की कापतो, खाली पसरतो आणि वरती गाठी रचतो. खालनं ओल लागत नाय. शंभर टक्के." मग त्याला माझा चेहरा दिसला. "का गं? काही गडबड झाली का?"

"नाही," मी म्हटलं.

"सांगितलं असतंस झाडून पायजे, तर झाडून दिलं असतं."

त्याच्यावर मी रागावणार कशी? त्याने तबेल्याला लागतं तसं गवत दिलं होतं. म्हैस गाजर गवत बाजूला सारते आणि बाकीचं खाते. ते डोंगरावर अंथरायचं डोकं माझं होतं.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती.

"तुला विचारलं का कोणी, कुठून आलं म्हणून?"

"विचारलं."

"तू खोटं बोललीस?"

"खोटं नाही बोलले."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि गोळा जरा जास्तच जोरात आपटला. थोड्या वेळाने बोलली, "चुका सगळ्यांच्या होतात. पण आपली झाली तर लोक बोलतात, बघा, ह्यांना शिकवून काय फायदा. ते तुला ऐकायचंय का?"

हेच तर होतं. तिने ते बोलून दाखवलं, इतकंच. माझ्याकडे पदवी सोडून दुसरं काही नव्हतं. सरांच्या शेजारी सतरंजीवर मी बसले होते ती तिच्या जोरावर, आणि मावशी दाराजवळ बसली होती ती त्याच हिशोबाने. मला वाटलं, मी तिथे चूक कबूल केली तर नुसती बोलणी बसणार नाहीत, ती सतरंजीपण जाईल.

दोन आठवडे असे गेले. मग मी डोंबिवलीला सरांच्या घरी गेले. ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गाठी, वास, वखार, सगळं. त्यांनी झारी खाली ठेवली.

"मला सांगितलंस ते बरं केलंस. पण समितीपुढे नको. पाहुण्यांना आपण तीच जागा दाखवली होती. आता तेच आपण आणलेलं निघालं तर संस्थाच अडचणीत येईल. पुढच्या वर्षी बंदी आपण हळूच उठवून घेऊ."

"सर, मावशीची म्हैस गाभण आहे."

"हो का?" ते म्हणाले. त्यांना याचा त्याच्याशी काय संबंध ते खरंच कळलं नव्हतं. चांगला माणूस आहे, पण म्हैस कधी पाळलेली नाही.

मी बाहेर पडले तेव्हा ठरवलं होतं की बोलायचं. तरी मी लगेच बोलले नाही. हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातोय. मला वाटलं, रिकाम्या हाताने कशाला जायचं? आधी सगळं गाजर गवत उपटून काढू, वर दिवाळीनंतर नेमाने कापलेलं पठारावरचंच गवत अंथरू, मग जाऊन सांगू की ही चूक आणि हा उपाय. उत्तरपत्रिकेसारखं, आकृतीसकट. त्यात दिवाळी गेली. देवीची पेंढी झाली, पाड्याने गवत कापलं, मी त्यातलं मागून घेतलं. मावशीनेच स्वतःच्या वाट्याचे चार भारे दिले. "घ्या ताई, ह्यात बी हाय," एवढंच म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मी सुट्टीवरून परत आले तर गोठ्यात दोनच म्हशी. तिसरीचं दावं खुंटीला गुंडाळून ठेवलेलं.

सासूने सांगितलं. गाभण म्हैस एका सकाळी दावं तोडून बाकीच्या दोघींमागे उतरणीला गेली आणि घसरली. लागलं फारसं नाही, पण मावशी घाबरली. म्हैस बांधून एवढी वैरण घालायची तिची ऐपत नव्हती, आणि पुन्हा घसरली तर म्हैसही गेली आणि पोटातलंही. मंगळवारी कल्याणकडच्या तबेलेवाल्याचा टेम्पो पायथ्याला आला होता, त्यात चढवली. मंगळवारी मी कोपरीत होते. संध्याकाळी आईबरोबर भाजी घ्यायला गेलेले, मला आठवतं.

मी त्याच दिवशी खाली उतरले. तंबूवाल्याला म्हटलं, समिती बोलवा. तो म्हणाला, अशी कशी बोलवणार. मी म्हटलं, मग मी ग्रुपवर लिहिते. त्याने संध्याकाळी चौघांना जमवलं, सरांना फोनवर घेतलं. मी सतरंजीवर बसले नाही, उभीच राहिले. एका कागदावर लिहून नेलं होतं, कारण तोंडी बोलायला लागले की मी "बऱ्याच मार्गांनी" असं काहीतरी बोलेन याची मला भीती होती. वाचून दाखवलं. गवत मी आणलं. कुठून आणलं. मावशीने वाटेतच अडवलं होतं. गुरांचा संबंध नाही. मागच्या बैठकीत मला माहीत असून मी सांगितलं नाही.

तंबूवाल्याने विचारलं, "एवढं शिकून हे?"

"हो," मी म्हटलं, "एवढं शिकून."

 बंदी तिथेच उठली. उठवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. नंतर सरांनी मला वेगळा फोन करून सांगितलं की पुढच्या हंगामाचं आत्ताच काही धरून चालू नकोस. रागाने नाही बोलले. मी ठीक आहे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी उतरणीला होती. मी तिथे गेले आणि जे वाचून दाखवलं तेच तिला सांगितलं. ती एका म्हशीच्या पायातला काटा काढत होती. काढून झाला, तो तिने लांब फेकला.

"काल सांगितलं?"

"हो."

"म्हैस मंगळवारी गेली."

"हो, मावशी."

 मी माफी मागितली. ती म्हशींना हाकलत वरच्या अंगाला वळली. मी मागून चालायला लागले तर म्हणाली, "तुम्ही मागनं येऊ नका ताई, बुजतात त्या." म्हशी मला वर्षभर ओळखत होत्या.

मी दुसऱ्या वाटेने वर गेले आणि टाक्याजवळच्या जागेत कामाला बसले. नव्याने अंथरलेल्या गवताखालून गाजर गवताची बारीक रोपं परत डोकं काढत होती. ती अजून बरीच वर्षं काढत राहणार. बी मातीत टिकतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि आता हातालाही माहीत झालं होतं. थोड्या वेळाने दोन म्हशी दगडांची रांग ओलांडून सावकाश आत आल्या. त्यातली एक माझ्यापासून दहा पावलांवर थांबली आणि बरोबर नव्या गवतावर शेणाचा भलामोठा पो टाकला.

मावशी काठी टेकून उभी होती. शेणाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, आता सांगा खाली जाऊन. शेणातनं आलं म्हणून."

मी हसायला गेले. ती हसत नव्हती. कमरेचं फडकं सोडून तिने हाताला गुंडाळलं, जागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, आणि तिकडून उपटायला लागली.